पहिले चार तास पाठ्यपुस्तक मिटलेलेच असू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात आणि प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप, अतिवृष्टीच्या सुट्ट्या यांत कोकणातला पहिला पंधरवडा निघून जातो. मग अभ्यासक्रम मागे पडल्याच्या धास्तीने इतिहासाचे शिक्षक थेट पहिला पाठ उघडतात. मार्चमध्ये तक्रार ठरलेली: मुलांच्या सनावळ्या लक्षात राहत नाहीत. खरे तर सनावळ्या पाठ होतात, पण क्रम कळलेला नसतो. राज्याभिषेक १६७४ चा हे धडाधड सांगणारी मुले, वास्को द गामा त्याच्या आधी आला की नंतर, इथे अडखळतात. म्हणून इतिहासाचे पहिले चार तास पाठाला न देता एक वर्गाच्या नियमांना आणि तीन कालक्रमाला द्यावेत, यासाठी हे पत्र.

आधी नियम. भिंतीवर बारा-पंधरा नियमांचा तक्ता लागतो, त्यातले बहुतेक 'नाही'ने संपणारे, आणि गणपतीच्या सुट्टीपर्यंत त्याकडे कोणी बघतही नाही. इतिहासाच्या तासाला चार पुरतात. साल लिहिताना आधी इ.स., इ.स.पू. किंवा शके लिहायचेच. कोणीही विधान केले की 'कशावरून?' विचारण्याचा हक्क सगळ्यांना, आणि तो प्रश्न शिक्षकांनाही विचारता येईल. उत्तर 'पुस्तकात पान अमुक', 'देवळाच्या पायरीवर कोरलंय', 'आजी सांगते', 'मोबाइलवर आलं' यांपैकी काहीही चालेल, पण ते सांगायचे. तिसरा नियम वहीचा: चूक खोडरबराने पुसायची नाही, एक आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती करायची, म्हणजे मूल कुठे घसरले ते महिन्याने पाहिले तरी दिसते.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि पाळायला कठीण. भूतकाळातल्या माणसांबद्दल 'आपण' आणि 'ते' असे बोलायचे नाही, नाव घ्यायचे. 'आपण त्यांना हरवलं' असे नव्हे, तर 'चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली'. आपल्या किनाऱ्यावर एकाच बाकावर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध घरांतली मुले बसतात, आणि याच मुलांसमोर जंजिऱ्याचे सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज, महाडचे चवदार तळे हे सारे विषय यायचे असतात. 'आपण' म्हटले की वर्गातला कोणीतरी आपोआप 'ते' होतो.

नियम वाचून दाखवून काही होत नाही, ते तिथल्या तिथे वापरून घ्यावे लागतात. फळ्यावर 'कोकण रेल्वे १९९८ मध्ये सुरू झाली' एवढे लिहून शिक्षकांनी गप्प राहावे. कोणी 'कशावरून?' विचारले की कळते, २६ जानेवारी १९९८ ही संपूर्ण मार्गाची तारीख आहे, काही टप्प्यांवर गाड्या त्याआधीच धावू लागल्या होत्या. एका वाक्यात नियमही रुजतो आणि 'सुरू झाली' म्हणजे नेमके काय, हेही उलगडते. पहिल्या आठवड्यात पावसामुळे गैरहजर असलेल्यांसाठी हा खेळ दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दहा मिनिटे घ्यावा, नाहीतर निम्म्या वर्गाला नियम माहीत आणि निम्म्याला नाहीत अशी अवस्था वर्षभर राहते.

आता कालरेषा. पुस्तकातली छापील कालरेषा सहसा उपयोगी पडत नाही, कारण तिच्यावर घटना सारख्या अंतरावर टाकलेल्या असतात. प्रमाण नसलेली रेषा म्हणजे नुसती यादी. वर्गात दोरीची रेषा करावी, प्रमाण एक सेंटीमीटरला एक वर्ष. इ.स. १४०० ते २००० साठी सहा मीटर दोरी लागते, ती बहुतेक वर्गखोल्यांच्या लांब भिंतीवर बसते. सुतळी किंवा सुंभ नको, दमट हवेत त्यांची लांबी कमीजास्त होते आणि खुणा सरकतात. जाळ्याला वापरतात ती बारीक नायलॉनची दोरी कुठल्याही बंदरावर मिळते. दर मीटरला ऑइलपेंटची खूण, दर दहा सेंटीमीटरला मार्करची बारीक रेघ. ओल आलेल्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही, त्यामुळे दोन टोकांना खिळे आणि कपड्यांचे चिमटे. घटना लिहून दोरीला लावायच्या पत्त्यांसाठी (कार्डांसाठी) जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी उत्तम. त्यावर बॉलपेनने लिहावे, स्केचपेनची शाई पावसाळ्यात पसरते.

पहिल्या दहा पत्त्यांवर फक्त घटना लिहाव्यात, साल नको. वास्को द गामा कालिकतला, पोर्तुगीजांनी गोवा घेतले, सिंधुदुर्गची पायाभरणी, राज्याभिषेक, वसईचा विजय, तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला, रायगड इंग्रजांकडे, टिळकांचा जन्म, चवदार तळ्याचा सत्याग्रह, कोकण रेल्वे. चार-पाच जणांच्या गटाने हे जमिनीवर क्रमाने लावायचे, वाद घालायचा. मगच शिक्षकांनी साले सांगायची: १४९८, १५१०, १६६४, १६७४, १७३९, १७५६, १८१८, १८५६, १९२७, १९९८. साले आधी दिली की मुले आकडे लहानमोठे लावतात, इतिहासाचा विचार कोणी करत नाही. मापपट्टीने जागा शोधून चिमटा लावायचे काम मुलांचेच, शिक्षकांनी लावून ठेवलेली दोरी ही आणखी एक भिंतीवरची सजावट ठरते.

दोरी ताणली की जे दिसते ते सांगून कळत नाही. शिवराय आणि टिळक मुलांच्या मनात शेजारी असतात, दोघांच्या फोटोंना हार एकाच भिंतीवर पडतो म्हणून. दोरीवर राज्याभिषेक आणि टिळकांचा जन्म यांत १८२ सेंटीमीटर अंतर निघते. दुसरी अडचण उलटी: १६८० ते १७०७ या अवघ्या २७ सेंटीमीटरमध्ये संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराराणी, औरंगजेबाची दक्षिणेतली मोहीम असे सगळे येते आणि चिमटे एकमेकांवर चढतात. तेवढ्या भागाची वेगळी दोरी करावी, पाच सेंटीमीटरला एक वर्ष. मग ते १३५ सेंटीमीटर होतात आणि श्वास घ्यायला जागा मिळते.

रत्नागिरी-राजापूर भागातील कातळशिल्पांचे काय, हा प्रश्न मुलांकडून येतोच, येऊ द्यावा. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण त्यांचा काळ नक्की ठरलेला नाही. अंदाजे दहा हजार वर्षे धरली तर आपल्या प्रमाणाने शंभर मीटर दोरी लागेल, ती फाटकाबाहेर जाईल. त्यांचा पत्ता 'काळ ठरायचा आहे' अशा वेगळ्या पाकिटात ठेवावा. ते पाकीट वर्षभर भिंतीवर टांगलेले असावे.

शतकाचा घोळ सोपा आहे, पण रोज होतो. १६७४ हे सतरावे शतक: शेवटचे दोन आकडे झाका, उरलेल्यात एक मिळवा. १७०० मात्र सतराव्याच शतकाचे शेवटचे वर्ष. इ.स.पूर्वच्या बाजूला संख्या मोठी तेवढी घटना जुनी, आणि मध्ये शून्य नाही. गणिताच्या तासाला संख्यारेषेवर शून्य पाहिलेली मुले इथे हमखास फसतात. इ.स.पू. ५० ते इ.स. ५० हे शंभर नव्हे, ९९ वर्षांचे अंतर.

तिसरा तास समकालीनतेला द्यावा, कारण कोकणच्या इतिहासात हीच खरी गोम आहे. पाठ एकामागून एक येतात म्हणून राजवटीही एकामागून एक आल्या असे मुलांना वाटते. एका दोरीखाली चार रंगांच्या पट्ट्या लावाव्यात. गोव्यातल्या पोर्तुगीजांची पट्टी १५१० ते १९६१, म्हणजे साडेचार मीटर. राज्याभिषेकापासून १८१८ पर्यंतची मराठ्यांची १४४ सेंटीमीटर. इंग्रज कंपनीची पट्टी मुंबई ताब्यात आली त्या १६६८ पासून. जंजिऱ्याच्या सिद्दींची पट्टी मराठ्यांच्या दोन्ही टोकांबाहेर जाते, ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. पट्ट्या लावून झाल्या की १७०० वर उभी काठी धरून विचारावे, या वर्षी किनाऱ्यावर कोण कोण होते? चारही रंग काठीला लागतात.

चौथ्या तासाला शके. गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या फरशीवर बहुधा शकेच असते, पण इसवी साल काढायला वर्गात '७८ मिळवा' एवढेच सांगून पुढे जातात. शकाचे वर्ष पाडव्याला सुरू होते, म्हणून चैत्र ते कार्तिक ७८ आणि माघ, फाल्गुन ७९. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष दोन इंग्रजी सालांवर पसरू शकतात, तिथे तिथीवरून पंचांगात पाहावे. सिंधुदुर्गची पायाभरणी मार्गशीर्ष शके १५८६ म्हणजे १६६४. राज्याभिषेक ज्येष्ठ शके १५९६ म्हणजे १६७४. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. इथे डोळे झाकून ७८ मिळवले तर १६२९ येते, खरे साल १६३०. नियम का हवा हे मुलांना या एका उदाहरणातच पटते. हिजरी सनाला असा एकच आकडा लागू पडत नाही, कारण ते चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. मशिदीवरचा सन कोणी विचारला तर ३३ हिजरी वर्षे म्हणजे साधारण ३२ इसवी, एवढे सांगावे. मोडी कागदांतला शुहूर सन आणि इंग्रजांचे १७५२ पूर्वीचे जुने कॅलेंडर हे विषय दहावीपर्यंत लांबवले तरी चालतील. शिक्षकांना मात्र ठाऊक हवे की त्या काळातल्या एकाच घटनेची तारीख पोर्तुगीज आणि इंग्रजी कागदांत दहा-अकरा दिवसांनी वेगळी दिसू शकते, आणि दोन्ही बरोबर असतात.

चार तास आणायचे कुठून, असे विचारले जाईल. घटक नियोजनाच्या तक्त्यात त्यांना रकाना नाही हे खरे. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) जूनमधल्या शिक्षण परिषदेत ते अधिकृतपणे मंजूर केले तर तपासणीला आलेले अधिकारी 'पहिला पाठ कुठे?' असे विचारणार नाहीत. कमी पटाच्या, एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसणाऱ्या शाळांना तर एकच दोरी सर्वांना चालते, फक्त प्रत्येक इयत्तेने आपल्या रंगाचे पत्ते लावायचे.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. दिनविशेष सदरात तिथीने आणि तारखेने येणाऱ्या घटना सरमिसळ छापल्या जातात. प्रत्येक नोंदीपुढे 'तिथीनुसार' किंवा 'तारखेनुसार' एवढा एक शब्द घातलात आणि शके असेल तिथे महिना दिलात, तर ते कात्रण दुसऱ्या दिवशी वर्गात वापरता येईल.

आपला,
इतिहास विषयाचा एक शिक्षक,
जि. रत्नागिरी