पाँग, अटारी आणि टेड डॅब्नी

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

सईने विचारलं होतं ना, अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा टेबल टेनिससारखा व्हिडिओ गेम कोणत्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजमध्ये लिहिला होता? मी फोनवर ‘पत्राने कळवतो’ म्हटलं तर तू हसलास. पण हे उत्तर मला सावकाश द्यायचं होतं, आणि त्यात अर्धा वाटा तुझ्या बाबांच्या दुकानाचा आहे.

उत्तर एवढंच, की कोणत्याच लँग्वेजमध्ये नाही. १९७२ च्या पाँगमध्ये प्रोग्रॅमच नव्हता. प्रोसेसरही नव्हता. साठ-सत्तर साध्या टीटीएल चिप, म्हणजे एकेकच छोटं ठरावीक काम करणाऱ्या, एका बोर्डावर जोडलेल्या, आणि समोर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. चेंडू, दोन फळ्या, मधली जाळी, गुण, सगळं त्या जोडणीतच. गेम बदलायचा तर बोर्ड बदला.

आता हे असं का झालं, ते ऐक. कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीत अ‍ॅम्पेक्स नावाची कंपनी होती, व्हिडिओ टेप रेकॉर्डर बनवणारी. तिथे नोलन बुशनेल आणि टेड डॅब्नी शेजारीशेजारी काम करायचे. बुशनेल शिकत असताना यूटामधल्या ‘लगून’ नावाच्या करमणूक पार्कात खेळांच्या स्टॉलवर होता. म्हणजे जत्रेतला माणूस. लोकांच्या खिशातलं नाणं कशाने बाहेर येतं, हे त्याला पक्कं ठाऊक. डॅब्नी त्याच्याहून वयाने मोठा, अबोल. इलेक्ट्रॉनिक्स शिकला तो अमेरिकेच्या मरीन्स या सैन्यदलात असताना. बुशनेलने ‘स्पेसवॉर’ हा गेम पाहिला होता, एमआयटीच्या मुलांनी १९६२ साली पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर केलेला. ते यंत्र होतं १,२०,००० डॉलरचं. हाच खेळ नाणं टाकून खेळता आला तर? दोघांनी आधी एक स्वस्तातला मिनीकॉम्प्युटर लावून हिशेब केला. जमेना. तो एक तर महाग पडे, आणि वेगही पुरत नसे. तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरच काढून टाकला.

आणि इथे तुझ्या बाबांचं दुकान येतं. टीव्हीच्या मागचं ते ‘होल्ड’चं बटण आठवतं? चित्र वर-वर सरकायला लागलं की काका ते जरासं फिरवायचे आणि चित्र जागेवर बसायचं. डॅब्नी सांगायचा, की बुशनेलने त्याला हेच विचारलं: बटण फिरवलं की चित्र सरकतं, ते का? डॅब्नी म्हणाला, सिंक, म्हणजे चित्राचा आणि किरणाचा ताल, चुकतो म्हणून. मग तो मुद्दाम चुकवता येईल का? येईल, पण बटणाने नको, डिजिटल काउंटरने. आणि त्याने ते सर्किट बसवलं.

सईला असं समजाव. टीव्हीचा किरण पडद्यावर ओळी ओढत जातो, आणि एक काउंटर त्याच्याबरोबर मोजत असतो. दुसरा काउंटर अगदी तेवढंच मोजून ‘आता उजेड’ म्हणाला, तर ठिपका दर वेळी त्याच जागी उमटतो, स्थिर दिसतो. पण त्याला दर फेरीला एक जास्त मोजायला लावलं, तर ठिपका थोडा पुढे उमटतो. एक कमी मोजला, तर मागे. लेझीमच्या पथकात एकाने दर आवर्तनाला एक पाऊल उशिरा टाकावं, तसा तो रांगेतून सरकत जातो. पाँगचा चेंडू म्हणजे हा उशीर, दुसरं काही नाही. मला विचारशील तर अटारीच्या साऱ्या इतिहासात याहून सुंदर गोष्ट नाही. स्पर्धा, खटले, कोट्यवधी डॉलर, सगळं नंतरचं.

या युक्तीवर १९७१ मध्ये ‘कॉम्प्युटर स्पेस’ आला, नटिंग असोसिएट्स या कंपनीमार्फत. फायबरग्लासचा गोलसर, दिमाखदार डबा. पण खेळ अवघड. बिअर प्यायला आलेला माणूस सूचनांचा कागद वाचत बसत नाही! खप बेताचाच झाला. मग दोघांनी अडीचशे-अडीचशे डॉलर घालून स्वतःची कंपनी काढली, २७ जून १९७२ रोजी. नाव ‘अटारी’, ‘गो’ या पटाच्या खेळातला जपानी शब्द, आपण बुद्धिबळात शह देतो तसा.

अ‍ॅम्पेक्समधलाच अ‍ॅल अल्कॉर्न पहिल्या काही माणसांत आला. बुशनेलने त्याला थाप मारली, की जनरल इलेक्ट्रिकचं कंत्राट आहे, घरी खेळायचा टेबल टेनिसचा खेळ कर. कंत्राट-बिंत्राट काही नव्हतं. पोराचा हात बसावा एवढाच हेतू. अल्कॉर्नने मात्र मन लावून काम केलं. फळीचे भाग पाडले, म्हणजे चेंडू कुठे लागला त्यावर त्याचा कोन ठरेल. रॅली लांबली की चेंडूचा वेग वाढेल. आवाजासाठी बुशनेलला गर्दीचा जल्लोष हवा होता. अल्कॉर्नने सर्किटमध्ये आधीच तयार असलेल्या सिग्नलांतून सूर शोधला, तोच तो ‘टॉक’. फळी पडद्याच्या अगदी वरपर्यंत जात नव्हती, तो सर्किटचा दोष. त्याने तो तसाच ठेवला, नाहीतर दोन पट्टीच्या खेळाडूंचा डाव संपलाच नसता.

नमुना त्यांनी सनीव्हेलच्या ‘अँडी कॅप्स’ या बारमध्ये ठेवला. थोड्याच दिवसांत मशीन बंद पडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न बघायला गेला, तर नाण्यांचा डबा गच्च भरला होता, म्हणून अडकलं होतं. पुढे एका जुन्या रोलर-स्केटिंग रिंकमध्ये कारखाना थाटला, आणि मागणी पुरी करता करता सगळ्यांची दमछाक झाली.

टेबल टेनिसची कल्पना मात्र बुशनेलची नव्हती. मे १९७२ मध्ये त्याने मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या ‘ओडिसी’चं, म्हणजे घरच्या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचं, प्रात्यक्षिक पाहिलं होतं, राल्फ बेअरने शोधलेल्या खेळाचं, आणि तिथल्या वहीत सहीही केली होती. ती सही पुढे खटल्यात नडली. १९७६ मध्ये तडजोड झाली, अटारीने परवाना घेतला.

पण मला चुटपुट लागते ती डॅब्नीची. काउंटरच्या सर्किटचं पेटंट बुशनेलच्या एकट्याच्या नावावर गेलं. डॅब्नीच्या सांगण्यानुसार त्याला हे नंतर कळलं. कंपनी वाढत होती आणि तो बाजूला पडत होता. १९७३ मध्ये तो आपला हिस्सा विकून बाहेर पडला. गंमत बघ, नंतर बुशनेलने पिझ्झाची दुकानं काढली, तेव्हा याच डॅब्नीने त्याला ऑर्डरचे नंबर दाखवणारी यंत्रणा करून दिली. माणूस मनात धरून बसणारा नसावा. पुढे बायकोबरोबर त्याने क्रेसेंट मिल्स या लहानशा गावात किराणा दुकान चालवलं. २०१८ मध्ये गेला. वर्षानुवर्षं अटारीच्या गोष्टीत एकच नाव घेतलं जायचं. गल्ल्याशी बसणाऱ्याचं नाव राहतं, मागे सोल्डरिंग करणाऱ्याचं नाही, असं काका म्हणाले असते, तेही हसत.

पुढचं भराभर सांगतो. प्रत्येक वितरकाला कंपनीचा माल आपल्या भागात फक्त आपल्याकडेच हवा असे, म्हणून दुसऱ्या वितरकालाही विकता यावं यासाठी अटारीने ‘की गेम्स’ नावाचा खोटा प्रतिस्पर्धी उभा केला. आणि १९७४ मध्ये त्याचाच ‘टँक’ हा गेम हिट झाला! १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्स या कंपनीने अटारी २.८ कोटी डॉलरला घेतली, १९७८ च्या अखेरीस बुशनेल बाहेर. स्टीव्ह जॉब्स तिथे नोकरीला होता, ती गोष्ट तुला पाठ आहे. ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ आणि ‘सेंटिपीड’ या अटारीच्या नंतरच्या गेमवर वेगळं पत्र लागेल, त्यांत प्रोसेसर आहे, त्यामुळे सईचा प्रश्न तिथे बरोबर लागू पडेल.

आता कामाचं. पाँगचा सर्किट डायग्राम मिळतो, मी छापून घेतलाय. ७४ मालिकेतल्या (त्याच टीटीएल) चिप आणि फळ्यांसाठी ५५५ टायमर चिप. दिवाळीत तुम्ही आलात की सईला घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊ. जे मिळणार नाही, त्याचा पर्याय शोधू. सगळा बोर्ड नको, आधी एक ठिपका हलवून दाखवू. काकांचा ऑसिलोस्कोप अजून चालतो का, ते मात्र आत्ताच बघून ठेव, आणि प्रोब हरवला असेल तर कळव.

वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
शिरीष