बाबांच्या निगेटिव्ह्ज आणि आईची वही

बाणेर, पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इमारतीच्या पुनर्विकासाचा करार झाला, दिवाळीनंतर घर रिकामे करायचे ठरले आणि त्या ओघात बाबा, तुम्ही म्हणालात की माळ्यावरचे पत्र्याचे डबे आता ठेवून काय करायचे. समोर बसून बोलताना हा विषय तुम्ही दोन वाक्यांत संपवता, म्हणून बाणेरहून नारायण पेठेत मुद्दाम पत्र लिहिते आहे. माझी विनंती अशी, की त्या डब्यांतील रस्त्यांची एकही निगेटिव्ह टाकू नये आणि त्यांतल्या चांगल्या तेवढ्या निवडून बाकीच्या काढूनही टाकू नयेत. त्या आहेत तशा, त्याच क्रमाने, आईच्या नोंदींच्या वहीसह एकत्र राहिल्या पाहिजेत.

बाबा, तुमचा फोटो स्टुडिओ चालला तो पासपोर्टच्या फोटोंवर आणि लग्नांवर. रस्त्यांचे फोटो तुमच्याकडे कोणी मागितले नव्हते. रविवारी सकाळी, दुकानांची शटरे उघडण्यापूर्वी, अलका टॉकीज, उंबऱ्या गणपती, कुंटे चौक, शनिपार आणि शेवटी लकडी पुलाचे टोक अशी तुमची फेरी ठरलेली असे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच कोपऱ्यावर उभे राहून, त्याच 50 मिलिमीटरच्या लेन्सने, शक्य तोवर त्याच उंचीवरून तुम्ही फोटो घेत होतात. कुंटे चौकाच्या निरनिराळ्या वर्षांच्या निगेटिव्हच्या पट्ट्या मी नुकत्याच खालून उजेड देणाऱ्या दिव्याच्या पाटीवर शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. एकेकटी पट्टी साधी वाटते. ओळीने मांडल्यावर मात्र रस्ता कसा बदलला, याचा असा पुरावा समोर येतो की जो महापालिकेच्या नकाशातही सापडणार नाही.

सत्तरच्या दशकातल्या पट्ट्यांत रस्त्याची कड सरळ आहे: ओटे, लाकडी खांब, वर गॅलऱ्या, आणि वाड्याला वाडा लागलेला. मग एक वाडा पडतो आणि त्या जागी उभी राहणारी इमारत रस्तारुंदीच्या रेषेमुळे काही फूट मागे बांधावी लागते, पण शेजारचा वाडा जुन्याच जागी पुढे आलेला राहतो. पुढच्या पट्टीत आणखी एक इमारत मागे जाते. अशी ती कड करवतीसारखी दातेरी होत गेली आहे, आणि मोकळ्या झालेल्या त्या तुकड्यांत आधी पानाची टपरी, मग स्कूटर, मग विजेची डीपी येऊन बसली आहे. विकास आराखड्यात ही रेषा एकदाच ओढली जाते. 1987 चा आराखडा घ्या किंवा 2017 मध्ये मंजूर झालेला घ्या, कागदावर रस्ता अखंड रुंद दिसतो. प्रत्यक्षात तो एकेका वाड्याच्या मरणाने रुंद होतो, हे तुमच्या फोटोंत दिसते.

वाडे पडले कसे, तेही त्यांत आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना, आणि मधल्या मध्ये तुळया कुजत राहिल्या. शनिपाराजवळच्या एका वाड्याला तुमच्या फोटोंत आधी एक टेकू दिसतो, पुढे टेकूंची रांग, मग गॅलरीवर ठोकलेले पत्रे, आणि शेवटी नुसते जोते. त्या वाड्याच्या मालकाला दोष द्यावा की भाडेकरूंना, हे मला ठरवता येत नाही, आणि तुम्हीही फोटोत तसे काही ठरवलेले नाही, म्हणून त्या पट्ट्यांवर माझा अधिक विश्वास बसतो.

पाट्यांबद्दलही लिहायला हवे. पेंटरने ब्रशने रंगवलेली अक्षरे, त्यांना दिलेली सावली, कोपऱ्यात बारीक अक्षरांत त्याची सही, हे सगळे लक्ष्मी रस्त्यावर दुकानागणिक वेगळे होते. फ्लेक्स आल्यावर ते काही वर्षांतच पुसले गेले. भिंतीला टेकवलेल्या सायकलींच्या जागी लूना, मग स्कूटरी, आणि मग सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या पाट्या येतात, तोही क्रम आहेच. पण सायकलींचे पुणे सगळ्यांना आठवते. पेंटरची सही कोणाच्या लक्षात राहिलेली नाही.

बाबा, तुम्ही स्वतः निवडायला बसलात तर शनिवारवाडा, मंडईची इमारत आणि विसर्जन मिरवणूक ठेवाल, याची मला भीती वाटते. ते फोटो सुंदर आहेत, पण शनिवारवाडा पुष्कळांनी टिपला आहे. शटर बंद असलेला रिकामा कुंटे चौक वर्षानुवर्षे एकाच जागेवरून दुसऱ्या कोणी टिपला असेल, असे मला वाटत नाही.

आई, आता तुझ्या वहीविषयी. पाकिटाचा क्रमांक, तारीख, चौक, तोंड कोणत्या दिशेला, फिल्म कोणत्या कंपनीची, ओर्वो की इंदू, आणि शेवटच्या रकान्यात 'किराणा दुकान गेले, तिथे झेरॉक्स' अशी एखादी ओळ. तू हे हिशेबाच्या वहीच्या शिस्तीने लिहीत गेलीस आणि त्याला कधी काम म्हटले नाहीस. त्या वहीशिवाय निम्म्या पट्ट्या आज ओळखूच येणार नाहीत, कारण ज्या खुणांवरून रस्ता ओळखायचा त्या खुणाच उरलेल्या नाहीत. हा संग्रह तुम्हा दोघांचा आहे, आणि तो कोठेही गेला तरी तुम्हा दोघांच्या नावानेच जाईल, एवढा माझा आग्रह आहे.

12 जुलै 1961 ला पानशेतच्या पुरात आजोबांच्या काचेच्या निगेटिव्ह प्लेटा गेल्या, म्हणून तुम्ही डबे माळ्यावर ठेवलेत, हे मला ठाऊक आहे. पाण्यापासून ते वाचले. आता उष्णता आणि पावसाळी दमट हवा यांची काळजी घ्यायला हवी. एका डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आहे. ॲसिटेटची फिल्म कुजू लागल्याची ती खूण असते आणि तिच्या वाफेने शेजारच्या पट्ट्याही बिघडतात, म्हणून तो डबा लगेच वेगळा ठेवावा. काही पट्ट्यांवर बुरशीचे ठिपके आहेत. त्या ओल्या फडक्याने पुसू नयेत. कृष्णधवल पट्ट्या तुम्ही हायपोनंतर, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या रसायनानंतर, भरपूर पाण्यात धूत होतात, त्यामुळे त्या उत्तम राहिल्या आहेत. नव्वदच्या दशकातल्या रंगीत पट्ट्यांचे रंग अंधारातही विटतात, तेव्हा डिजिटल प्रतींची सुरुवात त्यांच्यापासून करू. प्रत्येक फाइलला आईच्या वहीतला क्रमांकच द्यायचा, नवा द्यायचा नाही.

लग्नांच्या निगेटिव्ह्ज या संग्रहात मिसळू नयेत. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोवर, वेगळा करार नसेल तर, कायद्याने काढून घेणाऱ्याचा हक्क असतो, आणि हक्काची बाब सोडली तरी ते त्या घरांचे खाजगी क्षण आहेत. ज्यांचे पत्ते सापडतील त्यांना त्या परत देऊ. रस्त्यांच्या प्रतींसाठी भारत इतिहास संशोधक मंडळात विचारावे असे माझ्या मनात आहे, पण तुमची दोघांची संमती मिळाल्याशिवाय मी कोणाशीही बोलणार नाही.

आणखी एक मागणे आहे. 29 सप्टेंबर 2024 ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत गेली. मंडईच्या स्थानकातून वर येणारी गर्दी तुमच्या एकाही पट्टीत नाही, आणि लकडी पुलाच्या टोकाशी आता डोक्यावरून मेट्रोचा मार्ग जातो, तोही नाही. तुमच्या गुडघ्यांना झेपेल त्या सकाळी रिक्षाने जाऊ. कॅमेरा मी धरीन, पण उभे कोठे राहायचे ते तुम्हीच दाखवायचे.

येत्या शनिवारी मी बटर पेपरची पाकिटे आणि सिलिका जेल घेऊन येते. तोपर्यंत बाबा, शिडी लावून डबे स्वतः खाली काढू नका. आई, वहीची दुसरी, बाइंडिंग केलेली प्रत तुझ्या कपाटात आहे का, तेवढे पाहून ठेव.

तुमची कन्या