आईचं गोंदण, बाबांची अक्षरं

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही दोघांनी ठरवलंच आहे, तर आता नको म्हणत नाही. आईला हातावरचं पुसट झालेलं तुळशीवृंदावन पुन्हा उठवून घ्यायचंय, बाबांना ‘राम कृष्ण हरि’ हवंय. पण टॅटूवाले काळजीच्या सूचनांचा जो कागद देतात, तो पंचविशीतल्या कातडीसाठी लिहिलेला असतो. तुमची साठी उलटली आहे, त्यात आईची साखर आणि बाबांची रक्त पातळ करायची गोळी. म्हणून हे लांबलचक पत्र. फ्रिजवर लावून ठेवा.

आधी डॉक्टर, मग टॅटू. आई, तीन महिन्यांच्या साखरेचा ताजा रिपोर्ट दाखव आणि ते हो म्हणाले तरच पुढे जा. साखर चढलेली असली की जखम उशिरा भरते आणि चटकन पिकते. बाबा, रक्त सांडेल म्हणून गोळी स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा बंद करू नका. रेघ दोनदा पुसावी लागली तर चालेल, रक्तवाहिनीत गुठळी झालेली चालणार नाही. डॉक्टर नको म्हणाले तर गोळी चालू राहील, टॅटू राहू दे.

तारीख कार्तिकी झाल्यावरचीच घ्या. ताज्या टॅटूवर चंद्रभागेचं पाणी चालणार नाही, नदी, विहीर, तलाव काहीच नाही, निदान चार आठवडे. पावसाळ्यात घाम आणि दमट कपडे, उन्हाळ्यात ऊन. मार्गशीर्षात पूर्ण बाहीचा सैल सुती सदरा घालून निभतं. आईचं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालं तर संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत साधारण सहा आठवडे मिळतात, बांगड्या पुन्हा भरता येतील. बाबांचं त्यानंतर. दोघांचं एकाच दिवशी नको, घरात एक तरी धड हातांचं माणूस हवं.

जत्रेतल्या किंवा फुटपाथवरच्या मशीनवाल्याकडे पाऊल टाकू नका. तिथे सुई बदलली तरी शाईची वाटी तीच असते, आणि कावीळ ब, क त्या वाटीतूनही पसरते. चांगल्या ठिकाणी आधी जागेचा फोटो आणि सेंटिमीटरमधलं माप पाठवायचं, मग टोकन भरून तारीख मिळते. टोकन बहुधा परत देत नाहीत, वेळेवर कळवलं तर तारीख मात्र पुढे ढकलतात. ताप-सर्दी असेल तर ढकलाच. तिथल्या कामाचे फोटो मागाल तेव्हा ताजे मागू नका, वर्षभरापूर्वी केलेले आणि बरे झालेले मागा. ताजा टॅटू सगळ्यांचाच ठसठशीत दिसतो. वयस्कर हातांवर काम केलंय का, हेही विचारा. शाई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटरवर बसवायची असते. साठीनंतर कातडी पातळ होते, सुई किंचित खोल गेली की शाई आजूबाजूला फुटते आणि रेघेभोवती निळसर धुरकट छाया उठते. ती धुऊन जात नाही.

बाबा, अक्षरांचं जरा सविस्तर सांगते, कारण देवनागरीत इथेच घोळ होतो. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर तुटतं, ‘ष्ण’चा ‘ष्’ आणि ‘ण’ असा पाय मोडलेला नमुना येतो आणि मराठी न वाचणारा कारागीर तो चित्र म्हणून तसाच उतरवतो. ‘हरि’ ऱ्हस्व की दीर्घ, हे दुकानात नाही, घरीच ठरवा. कागदावर स्वतःच्या हाताने लिहून न्या. अक्षराची उंची एक सेंटिमीटरच्या खाली नको, कारण रेघ वर्षागणिक थोडी जाड होते आणि ‘ष्ण’मधली पोकळी बुजून काळा ठिपका उरतो. छाप हातावर उमटवताना उभे राहा आणि हात सैल सोडा, टेबलावर हात पिळून ठेवून काढलेली शिरोरेघ नंतर तिरकी दिसते. छाप उमटल्यावर एकदा मोठ्याने वाचा. आवडला नाही तर पुसून पुन्हा लावायला सांगा, त्याला कारागीर कंटाळत नाही. आणि कोपराच्या खळगीत नको. रक्त तपासायला शीर तिथेच शोधतात.

आईचं काम वेगळं आहे. गोंदणारणीने काजळी सुईने टोचून भरलेली, म्हणून जुन्या रेघांखाली कुठे कुठे वण आहे. वणावर शाई धड बसत नाही, जोर केला की पसरते. हलक्या हाताने एकदा फिरवून सहा ते आठ आठवडे थांबायचं आणि राहिलेले ठिपके तेव्हा भरायचे. रंग काळाच. लाल शाईची ॲलर्जी सगळ्यात जास्त बघायला मिळते, ती वर्षानंतरही उठू शकते. हिरवट झालेल्या जुन्या रेघा तशाच ठेवून बाजूला नवं वृंदावन काढून घेतलंस तर मला जास्त आवडेल, पण हात तुझा आहे.

त्या दिवशी पोटभर जेवून, मधुमेहाची गोळी घेऊन आणि पर्समध्ये साखर ठेवून जा. बधिर करणारं मलम न विचारता लावू नका. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, मुदतीची तारीख वाचा, शाई नव्या छोट्या टोपणात ओतली जाते का बघा. एक प्रश्न नक्की विचारा: शाई पातळ करायला कुठलं पाणी वापरता? निर्जंतुक हेच उत्तर हवं. नळाच्या पाण्यातले काही जंतू दोन-तीन आठवड्यांनी टॅटूच्या रेघांवरच लाल पुटकुळ्या उठवतात, आणि मग महिनोन्‌महिने औषध.

आता घरचं. काम संपल्यावर वर पारदर्शक चिकट पट्टी लावतात, ती चार-पाच दिवस ठेवा असं सांगतील. तुम्ही दोघंही नको म्हणा. पातळ कातडीवरून ती काढताना सालपट निघतं. साधं आवरण लावून घ्या आणि दोन-तीन तासांनी काढा. हात साबणाने धुऊन, कोमट पाण्याने, वास नसलेल्या पातळ साबणाने बोटांच्या टोकांनी हळूच धुवा. घासणी, पंचा काही नको, टिश्यूपेपरने टिपून घ्या आणि दहा मिनिटं उघडं ठेवा. दिवसातून दोनदा असं. मग बिनवासाचं लोशन, दोन मुगाच्या दाण्यांएवढं, चकाकी न येईल इतकं पातळ. जास्त थापलं की खपली भिजून मऊ होते आणि शाईसकट सुटते. अर्ध्याहून जास्त टॅटू इथेच बिघडतात असं माझं मत आहे, कमी लावून नाही, जास्त लावून.

आई, हळद नाही. खोबरेल नाही, तूप नाही, साय नाही, देवाचा अंगारा तर अजिबात नाही. हळदीने जखम बरी होते हे तू म्हणशील, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. घरातलं अँटिबायोटिक मलमही उगाच चोळू नका, त्यानेच पुरळ उठू शकतं.

पहिले दोन-तीन दिवस लाली, ठणका आणि शाईमिश्रित पाणी येईल, म्हणून जुनी चादर घाला. चौथ्या-पाचव्या दिवशी कातडी ताणल्यासारखी होईल, मग कांद्याच्या सालीसारखे काळे पापुद्रे सुटतील. शाई निघाली म्हणून घाबरू नका, ती वरच्या थरातली. खाज येईल तेव्हा वरून हलकं थोपटा, नख लावलंत तर तिथे पांढरा ठिपका राहील. तिसऱ्या आठवड्यात सगळं दुधाळ, फिकट दिसतं, ते उतरतं. पंचविशीतली कातडी तीन-चार आठवड्यांत भरते, तुम्ही सहा-आठ धरा. तोवर त्या हाताला बीपीचा पट्टा नको. भांडी, कणीक आणि कुकरची वाफ दोन आठवडे बाबांकडे. ऊन लागू नये म्हणून क्रीम लावायचं ते पूर्ण बरं झाल्यावरच, तोपर्यंत कापड.

तिसऱ्या दिवसानंतर लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरली, जागा गरम लागली, पिवळा-हिरवा पू आला, हातावर वर चढणारी लाल रेघ दिसली किंवा १०० च्या वर ताप गेला, तर मला फोन नंतर करा, आधी डॉक्टरकडे जा. टॅटूवाल्याला विचारत बसू नका.

बाबा, टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. गणपती मंडळाच्या शिबिरात यंदा नाव देऊन ठेवलं असेल, तर रक्त पातळ करायची गोळी चालू असताना रक्त देता येतं का, हे आधी डॉक्टरांना विचारा.

साबण आणि लोशन कुरियरने पाठवतेय, दोघांच्या बाटल्या वेगवेगळ्या आहेत. एकमेकांची वापरू नका.

तुमची,
धाकटी