दुसऱ्या खेपेची तयारी थोरल्यापासून

महोदय,

आरोग्य केंद्रात नाव घालायला गेलेल्या बाईला पहिला प्रश्न असतो, ‘कितवी खेप?’ तिने ‘दुसरी’ म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, ‘मग काय, तुम्हाला सगळं माहीतच आहे.’ घरी सासूबाई तेच म्हणतात, जिन्यात भेटलेली शेजारीणही तेच. डोहाळेजेवणाचा थाटसुद्धा बहुतेक घरांत पहिल्याच वेळी. पण दीड-दोन वर्षांचं पोर कडेवर असताना नऊ महिने कसे काढायचे, हे पहिल्या खेपेने तिला शिकवलेलं नसतं. आम्ही दोघी, एक निवृत्त परिसेविका आणि एक पाळणाघर चालवणारी, याच वयाची मुलं आणि त्यांच्या आया यांच्यात वावरतो. दुपटी, झबली, लंगोट माळ्यावर असतातच. तयारी करायची असते ती थोरल्याची, आणि ती पाचव्या महिन्यात सुरू करावी लागते.

सगळ्यात आधी गोळ्यांचं. सरकारी केंद्रातून गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते. १८० दिवस ती घ्यायची आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. गोळी लाल, वरून साखरेचा मुलामा. दोन वर्षांच्या मुलाला ती खाऊच वाटते, आणि मुलामा चाटल्यावर तर खात्रीच पटते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. मुलाच्या वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर लोह पोटात गेलं की विषबाधेचा त्रास सुरू होऊ शकतो, ६० मिलिग्रॅमच्या वर गेलं की जिवावर बेतू शकतं. अकरा किलोच्या मुलाचा हिशेब मांडून बघा. चार गोळ्यांत त्रास आणि अकरा गोळ्यांत जिवाला धोका, म्हणजे जेमतेम एक पट्टी.

आता ही पट्टी घरात असते कुठे? विसरायला नको म्हणून जेवणाच्या टेबलावर, उशीखाली, नाहीतर पर्समध्ये, आणि पर्स पलंगावर टाकलेली. ती पट्टी सगळ्यात वरच्या फळीवर, फिरकीच्या झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि मुलासमोर गोळी घेऊच नये. आई तोंडात काय टाकते यावर त्याचं बारीक लक्ष असतं. ‘चॉकलेट आहे, घे’ म्हणून औषध देण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. आणि मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. किती गोळ्या कमी आहेत ते मोजा, पट्टी सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा. पहिल्या काही तासांत उलट्या, जुलाब, पोटदुखी होते, मग मूल शांत होतं, कधी खेळायलाही लागतं. ‘बरं झालं, उतरलं’ म्हणून आईबाप घरी थांबतात ते नेमके इथेच. उलट्या थांबल्या तरी आत यकृतावर लोहाचा मारा चालूच असतो.

गोळी घेण्याची वेळही थोरल्याच्या दिवसात बसवता येते. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दोन जेवणांबरोबर आणि लोहाची त्यांच्यापासून निदान दोन तास लांब, कारण कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. चहाचंही तेच, मागेपुढे तासभर नको. दुपारी पोर झोपलेलं असताना, जेवणाला दोन तास झाले की लोहाची गोळी घ्यावी. वेळेचं अंतरही राहतं आणि बघणारं कोणी नसतं.

दुसरी गोष्ट उष्ट्याची. मुलाच्या ताटलीत उरलेला वरणभात आईच्याच तोंडात जातो, अन्न टाकायचं नाही ही आपली शिकवण. पण पाळणाघरात जाणाऱ्या मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून सायटोमेगॅलो नावाचा विषाणू कित्येक महिने बाहेर पडत राहतो, आणि पोटातल्या बाळाला तो लागला तर कधीकधी ऐकू येण्यावर परिणाम होतो. आपल्याकडच्या बहुतेक बायांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, तेव्हा धास्ती नको. एवढे नऊ महिने उष्टं बाबांनी संपवावं आणि लंगोट बदलल्यावर, शेंबूड पुसल्यावर आईने साबणाने हात धुवावेत. थोरल्याला कांजिण्या आल्या आणि आईला कधी आलेल्या नसतील, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

कांजिण्यांवरून लसीची आठवण झाली. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत असतो, म्हणजे बरोबर याच काळात. ‘घरात पोटुशी आहे, आता मुलाला गोवराची लस नको’ असं सांगणारे अजूनही भेटतात. ते चूक आहे. मुलाला लस दिल्याने गरोदर आईला धोका नसतो, उलट घरात रुबेला शिरण्याची वाट बंद होते. आईच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही नीट विचारून घ्यावं. मागच्या गरोदरपणात दोन्ही डोस झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले असतील, तर टीडीचा, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा, एकच बूस्टर लागतो. त्यासाठी जुनं माता-बाल संरक्षण कार्ड हवं, आणि तेच नेमकं सापडत नाही.

आता जिना. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे इथल्या सिडकोच्या बऱ्याच जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. सातव्या महिन्यातली बाई, एका हातात भाजीची पिशवी, कडेवर दहा-बारा किलोचं मूल आणि तिसरा मजला, हे चित्र तिथे रोजचं आहे. पोट पुढे आल्यावर तोल बदलतो, सांधे सैल झालेले असतात आणि एकाच कडेवर मूल घेतल्याने कंबर एका बाजूला ओढली जाते. पिशवी वॉचमनकडे ठेवा, ती नंतर कोणीही आणेल. मुलाला चालवा, त्याचा हात कठड्याच्या गजांवर ठेवा. चढताना आणि उतरतानाही आईने त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावं, म्हणजे तो घसरला तर तिच्या अंगावर टेकेल. पण तिचा एक हात कायम कठड्यावर हवा. तीन मजल्यांना दहा मिनिटं लागतील, लागू द्यावीत. घाईत काय होतं ते सांगतो. मूल मध्येच फतकल मारून बसतं आणि आई त्याला मनगट धरून उचलते. एक ते चार वर्षांच्या मुलाचं कोपराचं हाड अशा झटक्याने जागेवरून सरकतं. सूज दिसत नाही, मूल फक्त तो हात वापरायचं सोडतं, अंगाशी धरून ठेवतं. त्याला तेल लावून चोळू नये. जाणकार डॉक्टर एका हालचालीत तो जागेवर बसवतात. उचलायचंच झालं तर दोन्ही बगलांत हात घालून, गुडघे वाकवून, मूल छातीशी घेऊन उचलावं. घरात मात्र उचलणं बरंचसं टाळता येतं. पलंगाशी आणि बेसिनपाशी एकेक भक्कम पाट किंवा बुटकं स्टूल ठेवलं की दोन वर्षांचं पोर आपलं आपण चढतं. आईने बसावं, त्याने मांडीवर यावं.

उचलून न घेण्याचं कारण सांगताना जीभ सांभाळायला हवी. ‘पोटात बाळ आहे ना, म्हणून घेता येत नाही’ म्हटलं की बाळ जन्माआधीच गुन्हेगार ठरतं. ‘आईची पाठ दुखते, तू इथे बस’ एवढं पुरे, आणि ते खरंही असतं. दोन वर्षांच्या मुलाला महिने कळत नाहीत, ‘गणपती गेले की’, ‘थंडी पडली की’ कळतं. सगळ्यात त्रासदायक असतात ते गंमत करणारे पाहुणे, ‘आता तुझे लाड बंद हं, आई आता बाळाची!’ मूल हसत नाही, नीट बघा. अशा पाहुण्याला तिथल्या तिथे थांबवावं, मग तो कितीही मोठा असो.

झोपण्याची जागा बदलायची असेल तर सहाव्या महिन्यापर्यंत बदला. खाली गाद्या घालत असाल तर भिंतीकडून मूल, मग बाबा, मग आई. पहिले दोन-तीन आठवडे रडारड होते, रात्री तीनदा उठून ते आईकडे सरपटत येतं. दर वेळी बाबांनीच थोपटून परत निजवायचं. आईने एका रात्री ‘असू दे आजच्या दिवस’ म्हटलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नवव्या महिन्यात हा उद्योग काढणाऱ्या घरांत थोरल्याला एवढंच कळतं की बाळ आलं आणि माझी जागा गेली. शी-शूची सवय मात्र शेवटच्या दोन महिन्यांत नव्याने लावायला जाऊ नये. लागलेली असेल तरी बाळ आल्यावर काही दिवस चड्डी ओली होणारच.

अंगावरचं दूध लगेच तोडलं पाहिजे, गरोदर बाईचं दूध मुलाला बाधतं, हा समज अजून पक्का आहे. गरोदरपण सुरळीत असेल तर दूध बाधत नाही. रक्तस्राव, वेळेआधी कळा किंवा मागच्या वेळी वेळेआधी बाळंतपण असा इतिहास असेल, तर डॉक्टर सांगतील ते खरं. चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध आपोआप कमी होतं, चवही बदलते, काही मुलं स्वतःहून सोडतात. सोडवायचंच असेल तर आठवड्याला एक वेळ कमी करावी, आधी दुपारची, सगळ्यात शेवटी रात्रीची. स्तनाला कोरफड नाहीतर मिरची लावून एका दिवसात तोडणं हा मुलाशी दगा आहे आणि आईलाही त्याने गाठी होऊन ताप येतो. बाळ झाल्यावर दोघांनाही पाजायचं असेल तर पहिले दिवस चीक आधी नव्या बाळाला.

बाळंतपणाच्या रात्रीचा बेत कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. दुसऱ्या वेळी कळा अनेकदा पहिल्याच्या निम्म्या वेळात उरकतात, त्यामुळे कळा दर पाच मिनिटांनी येईपर्यंत वाट बघू नये, नियमित येऊ लागल्या की निघावं. मागचं सिझर असेल तर पहिल्या कळेलाच. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना वाहतुकीचं वेगळं सांगायला नको. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक सगळ्यांना पाठ असावा. पण खरी फजिती होते ती थोरल्याची. आजी गावाहून तारखेच्या आठवडाभर आधी येणार असते आणि ३७ आठवडे भरल्यावर कुठल्याही रात्री वेळ येऊ शकते. म्हणून तीन नावं हवीत: एक त्याच इमारतीतलं, एक अर्ध्या तासात पोहोचणारं, एक आजीचं. इमारतीतल्या काकूंकडे मुलाने आधी दोन-तीनदा दुपारी आणि एकदा रात्री झोपून बघितलेलं असावं. मुलाची पिशवी वेगळी, तिच्यात कपडे, नेहमीची गोधडी, दुधाचा पेला, लसीचं कार्ड आणि तापाच्या औषधाचं डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं प्रमाण. सरकारी रुग्णालयात साध्या बाळंतपणाला दोन-तीन दिवस, सिझरला आठवडाभरही लागतो, आणि पुष्कळ ठिकाणी वॉर्डात लहान मुलांना सोडत नाहीत. ते आधीच विचारून ठेवावं. व्हिडिओ कॉल दिवसा करावा, झोपायच्या वेळी केलात तर ती रात्र काकूंची गेली म्हणून समजा. घरी येताना बाळ आत्याकडे किंवा आजीकडे द्यावं, आईने दारातून रिकाम्या हातांनी आत यावं. सिझर झालं असेल तर पुढचे सहा आठवडे थोरल्याला उचलायचं नाही. तो पाट तेव्हा पुन्हा कामाला येतो.

पैशाचं थोडक्यात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत दुसरं अपत्य मुलगी झाली तर निकषांत बसणाऱ्या आईला एकरकमी ६,००० रुपये मिळतात. नोकरदार बाईला दुसऱ्या अपत्यापर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७च्या दुरुस्तीने मिळाली आहे. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. सगळी रजा बाळासाठी राखून शेवटच्या दिवसापर्यंत लोकलने जाणाऱ्या बायांनी थोरल्याचाही विचार करून निदान तीन आठवडे आधी घरी बसावं, असं आमचं मत आहे.

आणि आता ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांकडे मागणी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर मातांची मोफत तपासणी होते. गर्दी होते, तो काही कर्मचाऱ्यांचा दोष नाही. पण मधुमेहाच्या चाचणीत बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यातून प्यायला देतात आणि रक्त घेतात दोन तासांनी. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. या दोन तासांत तिने शांत बसायचं असतं. सोबत दोन वर्षांचं पोर असलेली बाई कशी बसणार? ती व्हरांड्यात त्याच्यामागे धावते, नाहीतर कंटाळून चाचणी न करताच निघून जाते. मग मधुमेह कळतो तो आठव्या महिन्यात. तीन वर्षांखालचं मूल सोबत असलेल्या मातांना सकाळच्या पहिल्या तासात एकत्र बोलवावं, ग्लुकोज आधी त्यांना द्यावं. रांगेपासून बाजूला, जिन्यापासून लांब दोन चटया अंथराव्यात, चार प्लास्टिकची भांडी-चमचे ठेवावेत आणि तेवढ्या वेळापुरती एक सेविका तिथे बसवावी. थोरल्याची लस राहिली असेल तर त्याच फेरीत द्यावी, तिला पुन्हा रिक्षा करून यायला लावू नये. आणि ग्लुकोजच्या पेल्याशेजारी थोरल्यासाठी साध्या पाण्याचा एक छोटा पेला ठेवावा. आई सरबत पितेय असंच त्याला वाटतं, आणि त्यातला अर्धा घोट त्याने घेतला की चाचणीचा हिशेब चुकतो.

आपल्या,
एक निवृत्त परिसेविका आणि एक पाळणाघरचालिका,
कोपरखैरणे, नवी मुंबई