लाकडी बैलाचे एक चाक हवे आहे

संपादक महोदय,

तान्हा पोळा, म्हणजे पोरांनी लाकडी बैल ओढायचा पोळा, तोंडावर आला. नागपुरात महाल, इतवारी या भागांत रस्त्याच्या कडेला लाकडी बैलांच्या रांगा लागल्या आहेत. तळहातावर मावेल एवढ्या बैलापासून दोघांनी मिळून उचलावा लागेल एवढ्या बैलापर्यंत सगळे मिळते. मला त्या रांगांमध्ये फक्त एक चाक हवे होते. तेवढे कुणाकडेच नव्हते.

आमचा बैल सागवानी. मी दुसरीत असताना, १९६८ साली, वडिलांनी ओळखीच्या वाढईकडून, म्हणजे सुताराकडून, करून घेतला. फूटभर उंच, पाटावर उभा, अंगावर पांढऱ्या रंगाचे चार-पाच थर चढलेले. माझ्यानंतर मुलाने ओढला, आता नात ओढते. गेल्या तान्ह्या पोळ्याला ती बोजारा, म्हणजे बैलामागचा खाऊ-पैसा, मागायला निघाली आणि गल्लीतल्या सिमेंटच्या गट्टूंच्या फटीत अडकून मागचे डावे चाक दुभंगले. पुढची पाच घरे तिने बैल कडेवर घेऊन केली.

मी छत्तीस वर्षे कारखान्यात फिटर होतो. चाक म्हणजे काय मोठी गोष्ट, असे वाटले. ते तुकडे खिशात घालून बाजारात गेलो. पहिल्या दुकानदाराने तुकड्यांकडे पाहिलेही नाही. "नवा घेऊन घ्या न काका, सुटं चाक कोण ठेवते?" दुसऱ्याने निदान कारण सांगितले. माल दोन-तीन ठिकाणांहून येतो, प्रत्येकाचे चाक वेगळे, भोक वेगळे, मग कोणत्या मापाचे ठेवायचे? त्याचे म्हणणे मला पटले, आणि त्याच वेळी रागही आला.

रागाचे कारण असे. नव्या बैलांपैकी दहा-बारा मी उलटे करून पाहिले. बहुतेकांना आसच नाही. चाकातून खिळा घालून तो सरळ पाटात ठोकलेला. खिळा गुळगुळीत नसतो आणि चाकाच्या मानाने फार बारीक असतो. चार फेऱ्यांत भोक लंबगोल होते, चाक डुगडुगते, मग खिळाच उपटून येतो. काही चाके तर गोल फांदीच्या आडव्या चकत्या आहेत. दिसायला छान, पण अशी चकती वाळता वाळता मध्यापासून कडेपर्यंत तडकते. चाक फळीतून कापावे किंवा खरादावर (लेथवर) उतरवावे, हे कोणत्याही वाढईला ठाऊक असते. पण एका दिवसासाठी घेतात, पुढच्या वर्षी पोरगं नवा मागते, असा हिशेब असेल तर कोण एवढे करतो?

आमच्या जुन्या बैलाला पाटाखाली आरपार लोखंडी सळई आहे, तीन सुती, म्हणजे तीन अष्टमांश इंचाची. चाक सळईवर फिरते आणि टोकाला खीळ. खीळ काढली की चाक हातात. करणाऱ्याने दुरुस्तीची वाट आधीच ठेवली होती.

चाक मिळेना म्हणून जे केले तेही सांगतो, म्हणजे दुसऱ्या आजोबांचा वेळ वाचेल. प्लॅस्टिकच्या ट्रकचे चाक आणले. भोक मोठे करताना ड्रिलखाली ते फुटले. मग ट्रॉलीची फिरती चाके लावली, तर बैल सरळ चालायचे सोडून धुऱ्यावरून पिकात शिरल्यासारखा आडवा जाऊ लागला. बेअरिंग बसवायचा विचारही मनात आला होता. ६०८ नंबरची, आठ मिलिमीटर भोकाची, सगळीकडे मिळते. सळई खराद करून कमी करावी लागली असती, एवढेच. पण सौ. म्हणाल्या, "अहो, उतारावर बैल पुढे आणि पोरगी मागे धावेल." ते खरे होते.

शेवटी एक म्हातारा खरादी भेटला. आता तो फक्त पलंगाचे पाय आणि लाटणी करतो. त्याने तुकडे जुळवले, बोटाने भोक चाचपले आणि विचारले, "एकच कशाला? तिघं घासून बारीक झाले, चौथं मोठं होईल, बैल तिरपा उभा राहील." मी फिटर असून हे माझ्या लक्षात आले नव्हते. बाभळीची चार चाके झाली, तीन इंच व्यासाची, पाऊण इंच जाडीची. भोक सळईपेक्षा केसभर सैल. आत मेणबत्ती घासली. दोनशे रुपये घेतले, तेही नको नको म्हणत.

चाक हा अशा खेळण्यातला सगळ्यात आधी जाणारा भाग, आणि हे आजचे नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये धातूची चार शिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ, रेडा, गेंडा आणि हत्ती. हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळातली मानली जातात. त्यातला हत्ती धड आहे. त्याच्या पाटाखाली आस घालायला भोकेही आहेत, पण आस आणि चाके गेली ती गेलीच. फोटो पाहिला तेव्हा मला आमचाच बैल आठवला.

तान्हा पोळा नागपूरकर भोसल्यांनी, दुसऱ्या रघुजींनी, सुरू केला असे सांगतात. तो आमच्या विदर्भाचा सण. म्हणून विक्रेत्यांना माझी विनंती आहे: करणाऱ्यांशी बोलून दोन-तीन मापे ठरवा आणि चाक, सळई, खीळ यांची जुडी बैलाशेजारी टांगा. पतंगाच्या दुकानात चक्री वेगळी मिळतेच ना? आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना: सजावटीला बक्षिसे देता, एक बक्षीस सगळ्यात जुन्या, पण चालत्या बैलालाही द्या. झूल आणि बेगड बघता, तसा एकदा बैल उलटा करून चाकेही बघा.

ज्यांच्या माळ्यावर लंगडा बैल पडला असेल त्यांनी चाकाचा व्यास, जाडी आणि सळईचे माप कागदावर लिहून कोणत्याही खराद मशीनवाल्याकडे जावे, पण पोळ्याच्या आदल्या दिवशी नको. फुटलेले चाकही सोबत न्यावे. माझे मी नमुना म्हणून ठेवले आहे. आमच्या बैलाचा उजवा कान तेवढा राहिला आहे, तो बसवायचे या रविवारी ठरले आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर, नागपूर