सिस्टर, ही गाडगी तुमची

प्रिय सिस्टर,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘सिस्टर’. आभार मात्र चारचौघांत मानल्याशिवाय मला राहवणार नाही.

सोळाव्या शतकातली स्पॅनिश नन, आविलाची संत तेरेसा, हिच्यावरचा माझा प्रबंध घेऊन तुमच्याकडे आले, तेव्हा पहिल्याच प्रकरणात मी तिला जनाबाईशेजारी नेऊन बसवलं होतं. ‘अनुभव एकच, भाषा तेवढी वेगळी’ असं एक वाक्य होतं, आणि मला ते फार आवडत होतं. तुम्ही त्याखाली पेन्सिलीने रेघ मारलीत आणि म्हणालात, “आधी तिला तिच्या गावात नीट राहू दे. जनाबाईकडे मग जाऊ.”

मग गाव दाखवलंत. टोलेडोचे तिचे आजोबा, ज्यू घराण्यातून ख्रिस्ती झालेले, 1485 साली इन्क्विझिशनपुढे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापुढे, प्रायश्चित्त घ्यावं लागलेले. 1559 सालची ग्रंथबंदी, जिने प्रार्थनेवरची कितीतरी स्पॅनिश पुस्तकं तिच्या हातून काढून घेतली. आणि लॅटिन तर तिला येत नव्हतं. अशा काळात एक बाई देवाशी आपलं काय बोलणं होतं ते लिहिते, तेव्हा वाक्यावाक्याला ‘मी अडाणी बाई’ का म्हणते, हे मला तेव्हा कळलं. तोवर मी त्याला नुसती नम्रता समजत होते.

पण खरे आभार मानायचेत ते त्या एका दुपारचे. तेरेसाच्या आत्मचरित्राचा अकरावा अध्याय आपण वाचत होतो. प्रार्थना म्हणजे बाग शिंपणं, आणि पाणी द्यायच्या चार तऱ्हा: विहिरीतून शेंदून, रहाटाने, ओढ्याच्या पाटाने, आणि शेवटी पाऊस, ज्यात माळ्याला काहीच करावं लागत नाही. माझं सगळं लक्ष पावसाकडे. शिल्पकार बर्निनीने संगमरवरात घडवलेली भान हरपलेली तेरेसा डोक्यात बसली होती ना! तुम्ही मला दुसऱ्या पाण्यापाशी थांबवलंत. ‘आर्कादुसेस’ या शब्दाला मी ‘बादल्या’ लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत, “तुमच्या वाडीतल्या रहाटाला काय बांधायचे?”

गाडगी! अलिबागकडच्या आमच्या वाडीतला आजोबांचा रहाट डोळ्यांपुढे आला. माळेला ओळीने बांधलेली मातीची गाडगी, वर येऊन पन्हळीत कलंडणारी, एखादं फुटकं वाटेतच रिकामं होणारं. मूळ शब्द अरबीतून स्पॅनिशमध्ये आलेला, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि पुढची ओळ बोट ठेवून वाचलीत: असं पाणी मी स्वतः काही वेळा काढलं आहे, असं तेरेसा म्हणते. तिच्या तळहाताला रहाटाचं लाकूड लागलेलं होतं. शब्दकोशात मला हे कधीच सापडलं नसतं.

त्याच अध्यायात कोरड्या विहिरीबद्दलही आहे. पोहरा पुन्हा पुन्हा सोडायचा आणि तो रिकामाच वर यायचा. तरी माळ्याने आपलं काम करावं; देव पाण्यावाचून फुलं जगवतो. आई गेली त्या पावसाळ्यात मी चार महिने एक ओळ लिहिली नव्हती. तुम्ही सांत्वनाचं काहीच बोलला नाहीत. दर गुरुवारी फोन करून तेवढा परिच्छेद वाचून दाखवायचात, आधी स्पॅनिशमध्ये, मग आपल्या वसईच्या मराठीत.

तिचा ‘अंतरीचा किल्ला’ हा ग्रंथ आपण त्यानंतर वाचला. 1577 च्या जूनमध्ये सुरू करून नोव्हेंबरअखेर तिने तो संपवला, आणि डिसेंबर लागताच मठांच्या सुधारणेतला तिचा सोबती, संत क्रूसाचा योहान, पकडला गेला. आत्म्याच्या त्या किल्ल्यातल्या सात दालनांबद्दल मला अजून फारसं बोलता येत नाही, आणि घाई करू नको असं तुम्हीच सांगितलंय.

1582 मध्ये ती गेली. तिचं लेखन 1588 मध्ये सालामांकात छापलं गेलं, कवी आणि धर्मपंडित लुइस दे लेओनने संपादून. कुणीतरी ते कागद जपले, वाचले, नीट लावले. माझ्यासाठी ते काम तुम्ही केलंत.

चार पाण्यांच्या अध्यायांचा मराठी अनुवाद पूर्ण झालाय. येत्या गुरुवारी घेऊन येते. पेन्सिल टोकून ठेवा. जनाबाईचं प्रकरण अजून कोरं आहे.

तुमची विद्यार्थिनी