ऐझॉलहून नानाला

ऐझॉल,
रविवार, दुपार

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर मी इथल्या, मिझोरामच्या, जुन्या बंडखोरांविषयी बोलत होतो, तर तू म्हणालास, "ज्यांनी देशाविरुद्ध बंदूक उचलली त्यांचं कसलं कौतुक सांगतोस, बापू?" तेवढ्यात फोन कट झाला आणि मी पुन्हा लावला नाही. रागावलो नव्हतो रे. एवढी मोठी गोष्ट फोनवर सांगता येणार नव्हती, इतकंच. इथे रविवारी सगळं शहर बंद असतं. दुकान नाही, रहदारी नाही, फक्त चर्चमधल्या ढोलाचा आवाज उतारावरून खाली येतो. तेव्हा आज निवांत लिहायला बसलोय.

सुरुवात आमच्या घरमालकीणबाईंच्या चुलीपासून करतो. इथे वडीलधाऱ्या बाईला 'पी' म्हणतात, मीही त्यांना पीच म्हणतो. घर डोंगराच्या उतारावर आहे. रस्त्यावरून आत शिरलं की तो वरचा मजला, आणि मी त्याच्या खालच्या मजल्यावर. रोज सकाळी भाताचे तांदूळ धुण्याआधी पी त्यातली एक मूठ बाजूला काढतात आणि पत्र्याच्या डब्यात टाकतात. हा 'बुहफाई थाम', मूठभर तांदूळ. तो चर्चला जातो. आपल्या आज्या गोग्रास काढायच्या ना, तितक्याच सवयीने हात चालतो त्यांचा. इथे घरोघर हे चालतं, आणि त्या मुठींवर शाळा आणि दवाखान्यांनाही आधार मिळालेला आहे. हा तांदूळ लक्षात ठेव, कारण तू ज्यांना देशद्रोही म्हणालास त्यांची गोष्ट तांदळापासूनच सुरू होते.

इथल्या डोंगरांत 'मौताक' नावाचा बांबू माजतो. साधारण ४८ वर्षांनी तो सगळा एकदम फुलतो, फळतो आणि मरतो. त्याची फळं खाऊन उंदरांची पैदास बेसुमार होते. फळं संपली की तेच उंदीर शेतांत आणि कोठारांत शिरतात, आणि उभं भातपीक एका रात्रीत फस्त होतं. त्या दुष्काळाला 'मौताम' म्हणतात. १९११ मध्ये तो आला होता. म्हाताऱ्यांनी बोटं मोजून सांगितलं की पुढचा १९५९ च्या सुमाराला येणार. तेव्हा हा भाग आसाममधला एक जिल्हा होता. इथल्या जिल्हा परिषदेने १९५८ मध्येच आसाम सरकारकडे तयारीसाठी १५ लाख रुपये मागितले. वर काय वाटलं असेल ते तूच ताड. बांबूला फुलं येणार म्हणून दुष्काळ पडणार, ही आदिवासींची अंधश्रद्धा समजून मागणी बाजूला टाकली गेली. आणि १९५९ ला मौताम आला. आमच्या पी त्याच सालच्या. "मी उंदरांच्या वर्षी जन्मले," असं त्या सांगतात. आईला दूध नव्हतं, जंगलातले कंद उकळून त्याचं पाणी पाजून वाढवलं, असं आई सांगायची म्हणे.

सरकार पोचलं नाही तिथे पोरं पोचली. पाठीवर धान्य घेऊन रस्ता नसलेल्या गावांपर्यंत चढून जाणाऱ्या तरुणांची एक संघटना उभी राहिली, मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट. तिच्या पुढे होता लालडेंगा. आधी फौजेत हवालदार, मग जिल्हा परिषदेत कारकून. बोलण्यात पटाईत, माणसं जोडणारा. १९६१ च्या ऑक्टोबरात त्या नावातला 'फॅमिन' हा एक शब्द गळाला आणि उरला मिझो नॅशनल फ्रंट, एमएनएफ. मला विचारशील तर या साऱ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची घटना तो शब्द गळणं हीच. पुढचे गोळीबार त्या मानाने नंतरचे.

दुष्काळ हे एकच कारण होतं असं मात्र म्हणणार नाही. १९६० मध्ये आसामने आसामी ही राजभाषा केली, ते डोंगरातल्या लोकांना लागलं. आसाम रेजिमेंटची एक बटालियन मोडल्यावर बरेच मिझो शिपाई घरी परतले होते. बंदूक चालवता येणारे, मान दुखावलेले आणि बेकार. फ्रंटला आयते शिपाई मिळाले. त्यांचं मागणं स्पष्ट होतं. सार्वभौम मिझोराम हवा, आणि नुसता हा जिल्हा नव्हे, तर मणिपूर, त्रिपुरा, ब्रह्मदेश, चितगावचे डोंगर, जिथे जिथे त्यांची माणसं पसरलीत तेवढं सगळं एका झेंड्याखाली हवं.

आता पैसा आणि हत्यारं, कारण तू तेच विचारलं होतंस. सुरुवातीला वर्गणी आणि लोकांचा तांदूळ. मग सीमेपलीकडे पूर्व पाकिस्तान. १९६३ च्या सुमाराला लालडेंगा तिकडे जाऊन आला, परतल्यावर पकडलाही गेला, आणि आसामच्या मुख्यमंत्र्यांनी, चालिहांनी, त्याला सोडून दिलं. पाकिस्तानने पोरांना शिकवलं, शस्त्रं दिली, चितगावच्या डोंगरात तळ दिले. आपल्याशी युद्ध करणाऱ्या देशाच्या बंदुका होत्या त्या, यात शंका नाही आणि मी ते झाकतही नाही. पुढे एक तुकडी ब्रह्मदेशातून पायी थेट चीनमध्ये शिक्षणासाठी गेली. आणि खेड्यापाड्यांतून 'कर' गोळा व्हायचा तो वेगळाच. घरटी तांदूळ, व्यापाऱ्याकडून पैसे, सरकारी नोकराच्या पगारातून हिस्सा. पी म्हणतात, दिवसा फौज विचारायची की रात्री कोणाला जेवू घातलंत, आणि रात्री 'ते' विचारायचे की दिवसा काय सांगितलंत. चर्चच्या डब्यातली मूठ आपण मनाने काढतो, ही मात्र मागून न्यायचे.

२८ फेब्रुवारी १९६६ ची रात्र. मोहिमेचं नाव ऑपरेशन जेरिको, नाव बायबलमधलं. ऐझॉल, लुंगलेई, चंफाई, वैरेंगते अशा ठिकाणी एकाच वेळी हल्ले झाले. सरकारी तिजोऱ्या लुटल्या, तारा तोडल्या, आसाम रायफल्सच्या चौक्यांना वेढे घातले. १ मार्चला लालडेंगा आणि आणखी ६० जणांच्या सह्यांनी स्वातंत्र्याची घोषणा झाली. इंदिराबाईंना पंतप्रधान होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. वेढ्यातल्या जवानांना हेलिकॉप्टरने कुमक पोचवायचा प्रयत्न झाला, तर खालून गोळीबार. मग ४ आणि ५ मार्चला हवाई दलाची विमानं आली, तूफानी आणि हंटर. ऐझॉलवर आधी मशिनगन चालल्या, मग बॉम्ब पडले. आपल्याच देशाच्या शहरावर आपलं हवाई दल. दोरपुई, रिपब्लिक वेंग असे मोहल्ले जळाले. बरीच माणसं आधीच जंगलात पळाली होती म्हणून वाचली. ५ मार्चला इथे दर वर्षी त्याची आठवण काढतात. आपल्या शाळेच्या पुस्तकात यातली एक ओळ तरी होती का रे? मला नाही आठवत. बाहेर सांगितलं गेलं की विमानं माणसं आणि रसद टाकायला गेली होती.

आणि नाना, तेव्हा संरक्षणमंत्री कोण होते? आपले यशवंतराव. हे मला इथे येईपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो सह्याद्री याही डोंगरांवर उभा होता. यशवंतरावांबद्दलचा माझा आदर तसूभर कमी झालेला नाही. वेढ्यात अडकलेल्या जवानांना वाऱ्यावर सोडायला हवं होतं असंही मी म्हणत नाही. पण वस्तीवर बॉम्ब टाकणं चूक होतं, आणि ते खातं त्यांचं होतं. ही दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणायला मला वर्ष लागलं.

बॉम्बपेक्षाही इथल्या लोकांच्या मनात जास्त खोल बसलंय ते गावं हलवणं. १९६७ च्या जानेवारीपासून विखुरलेली गावं उठवून सडकेकडेच्या तळांवर एकत्र आणायला सुरुवात झाली. नाव मोठं गोड, 'सुरक्षित आणि प्रगतिशील खेडी'. पाचशेच्या वर गावं मिटली आणि शंभराच्या आसपास तळ झाले. बंडखोरांना तांदूळ मिळू नये, हा हेतू. पी तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. त्या सांगतात, सकाळी शिपाई आले, न्यायचं ते उचला म्हणाले. वडिलांनी तांदळाचं पोतं घेतलं, आईने धाकट्याला पाठीशी बांधलं, पीने एक कोंबडी काखेत धरली. न्यायला जमत नव्हतं ते भात कोठारातच राहिलं, आणि ते घरांसकट पेटवलं गेलं. "कोंबडी वाटेत अंडं घालेल म्हणून मी तिला हलू देत नव्हते." मला हे सांगताना त्यांनी डावा हात तसाच काखेशी दाबून धरला होता. तळावर कुंपण, ओळखपत्र, सकाळ-संध्याकाळ हजेरी, अंधार पडला की संचारबंदी. डोंगरउतारावरची शेतं दूर राहिली, जायला-यायलाच दिवस जायचा, म्हणजे पुन्हा उपास. तोंडाला फडकं बांधून ओळीतल्या माणसांकडे बोट दाखवणारे खबरे असत. बोट ज्याच्याकडे वळलं त्याचं काय व्हायचं ते पी सांगत नाहीत, मी विचारत नाही. त्या सगळ्या वीस वर्षांना मिझोत एकच शब्द आहे, 'रामबुआई', म्हणजे अस्वस्थ मुलूख. कोणी 'युद्ध' म्हणत नाही, कोणी 'बंड' म्हणत नाही.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर तू म्हणशील बापू तिकडचाच झाला. फ्रंटच्या माणसांनी घातपात केले, जवानांना घाटवळणांवर गाठून मारलं, आणि संशयावरून आपल्याच मिझो माणसांनाही. १३ जानेवारी १९७५ ला ऐझॉलमध्ये कचेरीत घुसून त्यांनी तीन वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना एकदम ठार केलं: आर्य, सेवा आणि पंचपागेशन. १९७९ मध्ये बाहेरच्या लोकांना मुलूख सोडून जायचे फतवे निघाले. तेव्हा इथे बदलीवर असतो तर तो फतवा माझ्यासाठीही असता. त्या तिघांच्या घरच्यांना मी तांदळाची गोष्ट सांगायला जाणार नाही.

१९७१ ला बांगलादेश झाला आणि चितगावचे तळ गेले. तिथून फ्रंटचं बळ ओसरत गेलं. लालडेंगा पाकिस्तानात, मग युरोपात. १९७२ ला मिझोराम केंद्रशासित झाला. १९७६ ला एक करार झाला आणि मोडला. या मधल्या वर्षांत चर्चच्या पुढाऱ्यांनी खेटे घातले. फौजेतून निवृत्त झालेल्या ब्रिगेडियर साइलोंनी जवानांकडून झालेल्या अत्याचारांची गाऱ्हाणी लिहून काढली. स्वतः फौजी असून. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

शेवटी ३० जून १९८६. दिल्लीत करारावर लालडेंगांची सही, मिझोरामचे मुख्य सचिव लालखामांची सही, आणि केंद्राचे गृहसचिव म्हणून कोणाची, सांग बघू? राम प्रधानांची! आपल्या महाराष्ट्राचेच सनदी अधिकारी, तिकडे मुख्य सचिव राहिलेले. त्या दिवशी ते निवृत्त होत होते, नोकरीचा शेवटचा दिवस. आणि गंमत बघ, बासष्ट साली यशवंतराव संरक्षण खात्यात गेले तेव्हा त्यांचे खासगी सचिव हेच प्रधान. हे वाचून मी रात्री बराच वेळ जागा होतो. करारानंतर लाल थनहावला मुख्यमंत्रिपदावरून उतरले, कालच्या बंडखोराला खुर्ची दिली. स्वतःची खुर्ची! १९८७ च्या २० फेब्रुवारीला मिझोराम राज्य झालं. ३० जूनला इथे 'रेमना नी' म्हणतात, शांततेचा दिवस.

अजून एक सांगायचं राहिलं. ठरल्याप्रमाणे ४८ वर्षांनी, २००७ ला, मौताम परत आला. तेव्हा मुख्यमंत्री होते झोरामथांगा, जंगलात लालडेंगांचे सचिव असलेले. या वेळी सरकारने काही वर्षं आधीच योजना आखली. उंदराच्या शेपटीमागे पैसे दिले, लोक शेपट्यांचे जुडगे घेऊन रांगा लावायचे. पिकं बुडालीच, हाल झालेच, पण बंदूक कोणी काढली नाही. १५ लाखांची ती जुनी मागणी तेव्हा मंजूर झाली असती तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

गेल्या आठवड्यात मी पींना सांगितलं की त्या वेळचे संरक्षणमंत्री आमच्याकडचे, माझा मित्र राहतो त्या गावचे. मनात धाकधूक होती. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "आहेत का?" म्हटलं, १९८४ ला गेले. "मुलंबाळं?" म्हटलं, नव्हती. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मग त्यांच्या कबरीकडे कोण बघतं?" मी सांगितलं की दोन नद्या मिळतात तिथे समाधी आहे, लोक येतात, आणि माझा एक मित्र रोज संध्याकाळी तिथे फिरायला जातो. त्यांना बरं वाटलं. नद्यांची नावं विचारली. कृष्णा, कोयना. दोनदा म्हणवून घेतली.

मेमध्ये येतोय. प्रीतिसंगमावर सोबत जाऊ, आणि तुला भांडायचं असेल तर तिथेच भांडू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्याचं औषध चुकवू नकोस.

तुझा,
बापू